उलट्या हाताचा ठसा

कामाला हात घालण्याआधी वायरमन बोटातली अंगठी काढून शर्टाच्या खिशात टाकायचा. वायरमनच असलेल्या थोरल्या भावाने लावलेली शिस्त ती. दुसरी शिस्त हाताची. थोरला म्हणायचा, "टेस्टर सोयऱ्यासारखा असतो रे, गोड बोलतो आणि ऐन वेळेला फिरतो. म्हणून आधी उलटा हात लावून बघ. करंटाने मूठ आवळते. तळवा लावलास तर तारेला धरून बसशील."

त्याच थोरल्याच्या घरी आज काम निघालं होतं. थोरला जाऊन वर्ष होत आलं होतं. पुतणीने विजेवरची गाडी घेतली आणि चार्जिंगसाठी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हिरवळीवरून वायर ओढली. ती जागोजागी चिकटपट्टी लावलेली. तिची चार वर्षांची पिटुकली तिथेच अनवाणी बागडायची.

"भाऊजी, पोरीला काय पेटीत घालून ठेवू?" वहिनी फोनवर म्हणाली होती. "तुम्ही या आणि नीट करून द्या."

सकाळीच त्याने मेन स्विच बंद केला, त्याला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. मीटरपासून गाडी उभी करायच्या छपरापर्यंत भिंतीकडेने गुडघाभर खोल चर खणला. तळाशी रेती पसरून फळीने सपाट केली. वर पोलादी कवचाची केबल बसायची होती. छपराच्या अलीकडे, चराच्या टोकाला, अर्थिंगचा रॉड ठोकायचा होता.

पाणी पिऊन परत आला, तर त्या टोकाच्या रेतीवर ठसा होता.

हाताचाच. पण तळव्याचा नाही. चार पेरं खोल रुतलेली, मागे मनगटाकडचा भाग निसटता टेकलेला. रेतीत कुणी उलटा हात कशाला दाबेल?

"पिटुकली आली होती का इकडे?"

"शाळेत आहे ती," वहिनी दारातून म्हणाली. "का हो?"

"काही नाही." त्याने फळी फिरवून ठसा पुसला. रॉड उचलून जागेवर उभा धरला, घण घेण्यासाठी वळला. पुन्हा बघितलं तर ठसा तिथेच होता, आधीपेक्षा खोल. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली.

थोरल्याची करंगळी तशी होती. लहानपणी झाडावरून पडून मोडलेली, वाकडीच सांधलेली.

रॉड बाजूला ठेवून तो वहिनीकडे गेला. आवाज शक्य तितका साधा ठेवत त्याने विचारलं, "दादाने या कोपऱ्यात कधी काही केलं होतं?"

"दिव्याचा खांब होता की. मोडला, तर काढून टाकला. वायर आतच राहिली. 'उद्या काढतो' म्हणायचे." ती हसली. "लोकांच्या घरी नियम आणि आपल्या घरी जुगाड. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो आमच्या घरात अगदी दिव्याखालीच होता." मग तिचं हसू विरलं. "वाचा गेल्यावर अंथरुणात पडून ते या खिडकीच्या गजावर उलटा हात आपटत राहायचे, भाऊजी. मला वाटायचं, मनात देवाचं नाव चाललंय, ठेका धरतायत. बरं वाटायचं मला."

खिडकीतून नेमका तोच कोपरा दिसत होता.

त्याने लाकडी काठीने रेती सारली, खालची माती हळूहळू उकरली. काळी वायर निघाली, पाइप नाही की कवच नाही. टोकाची चिकटपट्टी कुजलेली. टेस्टर लावला तर तो लालबुंद पेटला. मेन बंद होता, किल्ली त्याच्या खिशात होती. थोरल्याने ही वायर मेन स्विचच्या अलीकडे, थेट मीटरकडूनच जोडून घेतली होती.

रॉड नेमका तिच्यावर बसला असता. रॉड त्याच्याच मुठीत असता.

वीज कंपनीची माणसं बोलावून रस्त्यावरच्या खांबावरून लाइन बंद केली. वायर मुळापासून उपटली. मगच पुढचं काम. केबल, तिच्यावर रेती, विटा, इशाऱ्याची पिवळी पट्टी, माती. रॉड ठोकताना त्याने मनोमन हात जोडले. देवा, माझ्या भावाला आता तरी विसावा दे.

ऊन उतरलं तेव्हा भिंतीवर चार्जर बसला होता. केबल भिंतीत शिरते तिथली फट त्याने सिमेंटने बुजवली, थापीने गुळगुळीत केली. लाइन परत आली. सगळ्या चाचण्या चोख. चार्जरवर हिरवा दिवा लागला. साबणाने हात धुऊन तो परत आला तोवर पुतणी गाडी छपराखाली लावत होती. पिटुकली अनवाणी हिरवळीवर उतरली होती.

"काका, लावू का?" पुतणीने चार्जरचं तोंड हातात घेतलं.

"लाव," म्हणत त्याने सवयीने उलटा हात चार्जरकडे नेला.

आणि तो तिथेच थांबला.

ओल्या सिमेंटवर ठसा होता.

चार पेरं. खोल.

"थांब! लावू नकोस. पोरीला उचल आधी."

"काय झालं?"

तो मेनकडे गेला, स्विच खाली ओढला, कुलूप घातलं. चाचण्या चोख होत्या. त्याने स्वतः केल्या होत्या.

परत येऊन तो ठशापाशी वाकला. दादा, आता काय राहिलं रे?

पण करंगळी सरळ होती. आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मुळाशी, तो स्वतः अंगठी घालायचा तिथेच, सिमेंटमध्ये अंगठीचा गोल वळ उमटला होता.

त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. हात कोरडा होता, स्वच्छ होता, बोट रिकामं होतं. थापी फिरवल्यावर त्याने सिमेंटला हात लावलाच नव्हता.

मग सावकाश शर्टाच्या खिशात बोटं घातली. अंगठी सकाळी ठेवली होती तिथेच होती. तिच्या नक्षीत ओलं सिमेंट भरलं होतं.