घंटेने खोटं बोलायचं नाही

त्या दिवशी दुपारी आमच्या धर्मग्रामात कोणीच मेलं नव्हतं, तरी चर्चची घंटा मयताची वाजू लागली.

मी दुकानात शिवणाच्या मशीनवर बसले होते. समोर पहिल्या कम्युनियनचा पांढरा फ्रॉक होता, झालर तेवढी लावायची राहिली होती. एक टोला पडला... मग बराच वेळ काही नाही... मग दुसरा. माझा पाय जागच्या जागी थबकला. मयताची घंटा आमच्याकडे अशीच वाजते, दोन टोल्यांच्या मध्ये एक प्रार्थना म्हणून होईल एवढी जागा सोडून. पण ती वाजवणार कोण? या चर्चची घंटा मी वाजवते. आधी बाबा वाजवायचे. त्यांचा खांदा कामातून गेला तेव्हापासून दोर माझ्या हातात आला. मनोऱ्याची किल्लीही माझ्याकडेच असते. आदल्या संध्याकाळी तेवढी ती फादरांनी मागून घेतली होती, कोणी घंटा दुरुस्त करणारा येणार आहे म्हणून.

कात्री हातात तशीच घेऊन मी धावत सुटले.

रस्त्यावर घराघरांतून माणसं बाहेर येत होती. पुरुष टोप्या काढत होते, बायका छातीवर क्रूस काढत होत्या आणि कोण गेलं हे एकमेकींना विचारत होत्या. ही घंटा ऐकली की हातातलं काम टाकून चर्चमध्ये जायचं आणि गेलेल्यासाठी प्रार्थना करायची, ही आमची रीत. मयत कोण ते कळायची वाट कोणी पाहत नाही. पण अंदाज बांधायला कोणाची ना आहे? मी चौकात पोहोचेपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं होतं की आमचे क्वायरमास्तर गेले. बिचारे आठवडाभर खोकत होते. बेकरीवाल्या मावशी ॲप्रनने डोळे पुसत सांगत होत्या की माणूस सोन्यासारखा होता, आवाज तेवढा फाटका.

मनोऱ्याचा गोल जिना मी एका दमात चढले. वर वाऱ्याचा झोत आणि ग्रीसचा वास एकदमच अंगावर आला. एक तरुण घंटेखाली फळीवर उकिडवा बसला होता. हातात लाकडी हातोडा, कपाळावर काळा डाग, आणि डोळे मिटून त्याने कान घंटेला असा लावला होता की जणू ती त्याला काही गुपित सांगते आहे. त्याने पुन्हा हातोडा उचलला.

"थांबा," मी धापा टाकत म्हटलं. "कोण मेलं?"

त्याने डोळे उघडले. आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या कात्रीकडे.

"कोणी नाही," तो म्हणाला. "म्हणजे... अजून तरी नाही."

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो शांतपणे ऐकून घेत होता, आणि तेच मला सहन होईना. माझं बोलून झाल्यावर त्याने सांगितलं की घंटेला कुठे चीर गेली आहे का ते असंच तपासतात: एक टोला द्यायचा, आवाज पार विरेपर्यंत कान लावून बसायचं, मग दुसरा. तो शहरात वाढला होता. तिथल्या चर्चमध्ये घंटेची रेकॉर्ड लावायचे, त्यामुळे जन्माची वेगळी, लग्नाची वेगळी, मयताची वेगळी हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"इतक्या घंटा दुरुस्त केल्या," तो जरा ओशाळून म्हणाला, "पण काम झालं की मी लगेच पुढच्या गावाला निघतो. ती कशासाठी वाजते ते ऐकायला कधी थांबलोच नाही."

मी त्याला जवळजवळ ओढतच खाली आणलं. चर्च गच्च भरलं होतं, कोणी मेणबत्त्याही लावल्या होत्या. त्याने वेदीसमोर उभं राहून सगळ्यांची माफी मागितली, कान लाल होईपर्यंत. तेवढ्यात दारातून काठी टेकत क्वायरमास्तर आत आले. त्यांच्या घरी सांत्वनाला गेलेल्या मंडळींना त्यांनी स्वतःच दार उघडलं होतं. आपल्या मागे लोक आपल्याबद्दल काय बोलले हे त्यांनी वाटेत एकेकाला विचारून घेतलं होतं, आणि फाटक्या आवाजाचं सोडलं तर ते एकंदरीत खूश होते. फादर म्हणाले, आता सगळे आलाच आहात तर क्वायरमास्तरांच्या खोकल्यासाठी प्रार्थना करून जाऊ. मग माझ्याकडे वळून त्यांनी फर्मावलं की मिस्त्रींचं काम संपेपर्यंत मी रोज वर जायचं आणि त्यांना आपल्या घंटेची भाषा शिकवायची.

शिक्षा माझी होती की त्याची, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मात्र मी नवा निळा ड्रेस घातला आणि आईने का म्हणून विचारलं तेव्हा दुसरे धुवायला टाकलेत असं सांगितलं.

घंटेचे बेअरिंग झिजले होते, लोलक एका बाजूला घासत होता, दोर ज्यावरून फिरतो ते चाक वाकलं होतं. तो काम करायचा आणि मी झालरींना हातशिलाई घालत त्याला शिकवायची. सकाळची कशी, दुपारच्या देवदूताच्या प्रार्थनेची कशी, बाप्तिस्म्याला कशी. सरावासाठी त्याने ग्रीसचा रिकामा डबा पालथा घातला होता. लग्नाची घंटा सगळ्यांत अवघड, कारण ती धावत वाजते, दोन-दोन टोले जोडीने, एकाच्या पाठोपाठ दुसरा लगेच. ती त्याला काही केल्या जमेना.

"जोडीतला दुसरा टोला मागे राहतोय," मी म्हणायची.

"पहिला थांबत नाही त्याच्यासाठी," तो म्हणायचा.

"मग दुसऱ्याने जरा धिटाई दाखवावी."

तो माझ्याकडे बघायचा... मी सुईकडे.

एकदा खिळ्याला अडकून त्याची बाही फाटली. मी म्हटलं काढा शर्ट, शिवून देते. तो इतका लाजला की मी ती अंगावरच शिवली. दोरा तोडायला कात्री सापडेना, म्हणून दाताने तोडावा लागला. माझा गाल त्याच्या मनगटाला जेमतेम लागला असेल नसेल, पण त्या संध्याकाळी मी एका फ्रॉकला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

आणखी एकदा त्याने घंटेला हलकासा टोला दिला आणि मला तिच्यावर तळवा ठेवायला सांगितलं. कानाला आता काहीच ऐकू येत नव्हतं, तरी हाताला कळत होतं. थरथर कोपरापर्यंत चढली. त्याचाही तळवा माझ्या शेजारीच होता. आवाज संपला असं लोकांना वाटतं, तेव्हाही ती आतून चालूच असते, असं तो म्हणाला. मी तळवा तसाच ठेवला. 

खाली धर्मग्रामाला सगळं दिसत होतंच. माळेच्या प्रार्थनेला बायका मणी पुढे सरकवत माझ्याकडे एक डोळा ठेवून असायच्या. बेकरीवाल्या मावशी मिस्त्रींसाठी म्हणून पाव पाठवायच्या आणि तो मीच वर न्यावा असा त्यांचा आग्रह असायचा. आईने त्याला रविवारी चर्चमधल्या मिस्सा-प्रार्थनेनंतर जेवायला बोलावलं. जेवताना बाबांनी त्याला आपला एकुलता एक नियम सांगितला, जो मी दोर हातात घेतला त्या दिवशी मलाही सांगितला होता: घंटेने खोटं बोलायचं नाही. माणसं कामं टाकून येतात ती तिच्या शब्दावर. तो मान खाली घालून हो म्हणाला. त्याला मयताच्या घंटेची आठवण झाली असणार.

शनिवारी काम संपलं. त्याला लांबच्या एका गावात पुढचं काम होतं, सोमवारी सकाळची बस होती. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. त्याने हत्यारं पुसली. पुसलेली हत्यारं पुन्हा पुसली.

"एक विचारायचं होतं..." तो म्हणाला.

"विचारा की."

 खाली क्वायरचा सराव थांबला होता, कबुतरंसुद्धा गप्प होती.

"तुम्ही... तेल कुठलं वापरता? म्हणजे, चाकाला?"

"शिलाई मशीनचं," मी म्हटलं. "पुरेल तेवढं?" आणि जिना उतरून तरातरा घरी आले. रात्रभर स्वतःला बजावलं की ज्याला दोन शब्द जोडता येत नाहीत त्याला दोन टोले काय जोडता येणार.

रविवारी नव्याने दुरुस्त केलेली घंटा वाजली तेव्हा क्वायरमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. तो शेवटच्या बाकावर बसला होता. मिस्सा संपल्यावर सगळ्यांनी त्याला घेराव घातला, आणि मी मुद्दाम बाजूच्या दाराने निघून गेले.

सोमवारी सकाळी तो दुकानात किल्ली द्यायला आला. पावसाळ्याआधी ग्रीस बदला म्हणाला. बरं म्हटलं. दोर ओला राहू देऊ नका म्हणाला. बरं म्हटलं. मग फ्रॉककडे बघत म्हणाला की छान झालाय, आणि गेला.

बघा आता. नाकासमोर चाललेलं माझं आयुष्य एका माणसाने हातोडा मारून हलवून ठेवलं होतं आणि तो ग्रीसच्या गोष्टी करून निघाला होता. मी सुई टोचली ती थेट बोटात. मग किल्ली मुठीत धरली आणि धावले.

मनोऱ्यावरून बसस्टॉप स्वच्छ दिसतो. तो तिथे पेटीवर बसला होता, मान खाली घालून. वळणापलीकडे बसची धूळ दिसू लागली होती. हाक मारली असती तर ऐकू गेली नसती. माझ्यापाशी एकच आवाज होता तिथवर पोहोचणारा.

दोराला हात लावला आणि बाबांचा नियम आठवला. आज कोणाचंही लग्न नव्हतं. वाजवली तर सगळं गाव कामं टाकून येईल, आणि तो बसमध्ये चढून गेला तर मी त्या सगळ्यांसमोर खोटी ठरेन, घंटाही आणि बाबाही. मी डोळे मिटले. मरियामाते, मनात म्हटलं, मी वाजवते, खरं करणं तुझ्याकडे.

आणि वाजवली. जोडीने, धावत, लग्नाची.

दारं उघडली. पहिल्यांदा बेकरीवाल्या मावशी बाहेर आल्या, पिठाच्या हातांनी, आणि केकची ऑर्डर आपल्याकडे न देता लग्न करणारा कोण हे बघायला चर्चकडे निघाल्या. फादर दाढीला लावलेल्या साबणासकट अंगणात आले. लग्नाआधी चर्चमध्ये रविवारी घोषणा करायची आमची रीत, आणि त्यांनी तर एकाही रविवारी कोणाच्या लग्नाची केली नव्हती. आई, बाबा, क्वायरमास्तर... सगळं गाव. मला मात्र एकच माणूस दिसत होता. तो उठून उभा राहिला. घंटेकडे वळला. त्याला आता तिची भाषा येत होती. बस येऊन थांबली आणि मध्ये आली, त्यामुळे पुढचं काही दिसेना. ती हलली तेव्हा स्टॉपवर नुसती पेटी उरली होती.

माझे हात थांबले. पेटी विसरून कोणी बसमध्ये चढतो का?

मग जिन्यात पावलं ऐकू आली, दोन-दोन पायऱ्या गाळत चढणारी.

तो दारात उभा राहिला. त्याला श्वास घेता येत नव्हता, केस कपाळाला चिकटले होते.

"कोणाचं..." तो म्हणाला, "कोणाचं लग्न आहे?"

"कोणाचं नाही," मी म्हटलं. "म्हणजे... अजून तरी नाही."

तो हसला नाही. दोन पावलं पुढे आला आणि दोरावरच्या माझ्या हातांवर त्याने आपले हात ठेवले.

"शनिवारी मला तेलाचं विचारायचं नव्हतं."

"ते कळण्याइतकी अक्कल आहे मला."

"मला विचारायचं होतं की मी इथे थांबलो तर... तुला चालेल का? घंटा ऐकायला. सगळ्या. जन्मभर." पहिल्यांदाच तो मला तू म्हणाला होता. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. तू कात्री घेऊन आलीस ना, तेव्हापासून."

मी हो म्हणून मान हलवली. पुन्हा हलवली, पहिल्यांदा नीट दिसली नसेल तर म्हणून.

खालून बाबांचा आवाज आला. त्यांचा खांदा गेला होता, आवाज नाही. सगळं गाव त्यांच्याभोवती मान वर करून उभं होतं.

"पोरी, घंटा खोटं बोलली का?"

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी तोच कठड्यावरून खाली वाकला. कपाळावर पुन्हा कुठूनसा काळा डाग लागला होता.

"नाही, बाबा," तो म्हणाला. "खरंच बोलली. जरा लवकर बोलली, एवढंच."

 मग बेकरीवाल्या मावशींनी केक किती मजली हवा ते विचारलं, क्वायरमास्तरांना आनंदाने खोकल्याची ढास लागली, आणि फादर साबण पुसत म्हणाले की आधी तीन रविवार घोषणा होईल, मग काय ते बघू. बाबा मात्र अजून वरच बघत होते.

"मग अर्धी का सोडलीस?" ते म्हणाले. "पुरी कर."

मी दोर ओढला. तो माझ्या मागे उभा राहून ओढत होता, आणि यावेळी जोडीतला दुसरा टोला अजिबात मागे राहिला नाही.