चांद्याच्या कोठ्यातली हाक

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. मी स्वतः तिथे बसलो होतो.

आणि रात्र नव्हती. पोळा होऊन पंधरवडा झाला होता. आमच्या गावात, बपेऱ्यात, भर दुपार, कडक ऊन.

आधीचं थोडं सांगतो. मुलांना सांगतो तसं, सावकाश.

माझा शेजारी लिलाधर. त्याच्या बैलाला, चांद्याला, शिंगाच्या मुळाशी कॅन्सर झाला. कुलदीप माझा जुना विद्यार्थी. लहानपणी फळ्यापुढे यायला घाबरायचा. मी हात पुढे करायचो, "ये, कुलदीप. मी आहे ना." आता तो जनावरांचा डॉक्टर, नव्या औषधाच्या चाचण्या करणारा. मीच त्याला बोलावलं.

औषध शिरेतून द्यायचं. मग गाठीवर लाल उजेड पाडायचा. उजेड लागला की औषध जागं होतं आणि गाठ मारतं. पण ते कातडीतही उरतं. म्हणून जनावराला कित्येक आठवडे ऊन दाखवायचं नाही.

लिलाधरनं कोठ्याच्या, म्हणजे गोठ्याच्या, सगळ्या फटी पोत्यांनी बुजवल्या. अंधारात चाचपडत चारा टाकायचा. गाठ सुकू लागली.

पोळ्याच्या दिवशी कुलदीप आला.

"काढा बाहेर, काका. औषध उतरलं. न्या तोरणाखाली."

"खरंच ना जी? नाई तं पुढच्या साली नेतो."

"डॉक्टर मी आहो का तुमी?" तो हसला.

चांद्या उंबऱ्यावर अडला. पाय रोवून उभा. लिलाधर उन्हात उभा राहून लाडानं म्हणाला, "ये ना रे बाहेर. काई नाई होत. मी आहो ना."

मालकाचा आवाज ऐकला… आणि चांद्या आला.

तोरणाखाली झडत्या, पोळ्याची गाणी, म्हणून संपायच्या आत तो अंग झटकू लागला. संध्याकाळी कातडी भाजल्यासारखी सुजली. मग सोलू लागली. आठवडाभर तडफडून गेला.

कुलदीप रोज येऊन फोटो काढत होता.

"औषध उतरलं नाही, हे तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"गुरुजी, औषध अंगात किती दिवस राहते, ते कुठंतरी पाहावंच लागते."

पाढे म्हणायचा त्याच शांत आवाजात बोलला.

तर ती दुपार. लिलाधरच्या ओसरीवर मी मुलांना भागाकार शिकवत होतो. तो माझ्या बाजूला सुतळी वळत होता.

आधी पाखरं गप्प झाली.

मग रिकाम्या कोठ्यातून… चांद्याच्या गळ्यातलं घुंगरू वाजलं.

छोटी रंजू म्हणाली, "गुरुजी, पोते परत काहून लावले?"

ती पोती लिलाधरनं जाळली होती.

मी पाहिलं… सगळ्या फटी बुजलेल्या.

आणि आतून आवाज आला.

"ये ना रे बाहेर. काई नाई होत. मी आहो ना."

आवाज लिलाधरचा होता.

लिलाधर माझ्या शेजारी बसला होता. तोंड बंद.

"माह्याच आवाजात बोलावते मले," तो पुटपुटला.

आम्ही कोठा पाडला. वाटलं, संपलं.

परवा नागपूरहून कुलदीपचा फोन आला. चांद्या गेल्यापासून आम्ही बोललो नव्हतो.

"गुरुजी, तुमी माह्या दारात काहून उभे आहात?"

"मी बपेऱ्यात आहे, कुलदीप."

"मजाक नका करू. केव्हाचे हाक मारून राहिले… 'ये, कुलदीप. मी आहे ना.'"

त्याच्या मागे… घुंगरू वाजलं. मी माझ्या कानांनी ऐकलं.

"दार उघडू नकोस!" मी ओरडलो. "माझं ऐक. मी आहे ना!"



"दोन्हीकडून तुमीच बोलून राहिले, गुरुजी. कोणावर विश्वास ठेवू?"

मग… कडी काढल्याचा आवाज आला.

त्यानंतर त्याचा फोन लागलेला नाही.

मी अजून मुलांना शिकवतो. रंजू फळ्यापुढे यायला घाबरते, जागेवरूनच माझ्याकडे बघत राहते. माझा हात पुढे होतो.

'ये' म्हणवत नाही.