गुरुवारचं तेल

हसायचं असेल तर खुशाल हसा. पण हे घडलंय. आमच्या नारिन गावात, गेल्या हिवाळ्यात, आणि तेही भर दुपारी.

माझा भाऊ सानझार नेटवाल्या कुबातकडे कामाला होता. घरोघरी नेटच्या तारा ओढायचा. कुबात महाकंजूस. वेगळी तार वाचवायला छतावरच्या अँटेनाला लागणारी वीजही तो त्याच डेटाच्या तारेतून सोडायचा.

फोटो स्टुडिओतली तार मात्र त्याने स्वतः जोडली, घाईघाईत. प्लगमधल्या रंगीत तारा इकडच्या तिकडे झाल्या. वीज थेट कॉम्प्युटरमध्ये घुसली.

मशीन जळालं. अर्ध्या गावाच्या लग्नांचे फोटो गेले.

लोक चिडून जमले, तर कुबात सानझारकडे बोट दाखवून मोकळा!

"यानेच मशीनशी काहीतरी खेळ केला. तार चुकली तर नेट बंद पडतं. मशीन जळतं होय कधी?"

"साधी तार असती तर नसतंच जळलं," सानझार ओरडला. "हिच्यातून वीज जाते! आणि प्लग कुणी लावला, ते सांगा ना!"

कुणी ऐकलं नाही. पुरावा म्हणून ती अख्खी तारच काढून आणायला तो स्टुडिओच्या छतावर चढला. बर्फावरून पाय घसरला...

गेला माझा भाऊ.

मातीला आलेल्या लोकांनाही कुबात सांगत होता, "पोरगा चांगला होता हो, पण हात कच्चा."

आईने ते ऐकलं. रडली नाही.

आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी दर गुरुवारी बोर्सोक तळतात. पिठाचे छोटे तुकडे, गरम तेलात. त्या वासाने आत्मा घरी येतो, पोट भरून जातो. आईने कढई चढवली. धुराकडे बघत म्हणाली, "खाऊन घे, बाळा. मग कुबातकडे जा."



त्याच दुपारी कुबातच्या दुकानातलं मशीन जळालं. प्लग उघडला, तर तारांची अदलाबदल. अगदी स्टुडिओतल्यासारखी.

आणि वास...

जळक्या प्लास्टिकचा नाही. ताज्या बोर्सोकचा.

पुढच्या गुरुवारी दुसरं मशीन. मग त्याने सगळ्या तारा उपटून फेकल्या. गुरुवार आला, आणि तिसऱ्या मशीनला एक तार लावलेली होती... कुणी लावली, देव जाणे.

खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. भोग म्हणावं, मेल्या!

शेवटी कुबात आमच्या दारात आला. तोंड पांढरंफटक.

"आपा, पाया पडतो. गुरुवारी कढई चढवू नका."

"चार लोकांत सांग, प्लग कुणी लावला."

"अहो आपा, पण उलट्या तारेने मशीन..."

आईने शेगडी पेटवली.

तेल तापायच्या आत त्याच्या खिशातला फोन वाजला. दुकानातून होता. "चौथंही जळालं?" त्याने फोनमध्ये विचारलं.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात तो ढसाढसा रडला. "प्लग मी लावला होता. सानझारची काही चूक नव्हती." सगळ्यांनी ऐकलं. आईने कढई घासली, खिळ्याला टांगली आणि म्हणाली, "झालं बाळा. आता नीज." तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

मला वाटलं, संपलं.

परवा गुरुवार होता. शेगडी गार. कढई खिळ्याला. मी खिडकीपाशी बसले होते, आणि...

तेलाचा वास आला.

आईने माझ्याकडे पाहिलं. "मी नाही गं बोलावलं," ती म्हणाली.

फोन वाजला. कुबात.

"बेगायिम, आज कढई चढवलीत का?"

"नाही हो."



"दुकान मी कधीच बंद केलं," तो म्हणाला. "आता घरी आहे. बायको आहे, मुलं आहेत. घरात मशीन एकही नाही... मग तो इथे काय जाळायला आलाय?"



फोनमध्ये मागून त्याच्या धाकट्याचा आवाज आला. "बाबा, वास किती छान येतोय..."