भाऊंचं फोल्डर

विश्वास ठेवायचा तर ठेवा. पण हे माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि ताई थापा मारणाऱ्यातली नाही.

रविवार होता. भर दुपार. पण ऑफिसच्या तळघरातल्या सर्व्हर रूमला खिडकीच नाही. तिथे दुपार काय नि रात्र काय!

ताई आधीच पेटलेली. लेकीला बाहेर न्यायचं कबूल केलेलं, आणि ऐन वेळी साहेबांचा फोन. "आजच्या आज सगळं लावून टाक."

सगळं म्हणजे साठेक युनिक्स सर्व्हर. प्रत्येकावर सॉफ्टवेअर मिळेल त्या कोपऱ्यात कोंबलेलं. ताईला ते सगळीकडे एकाच जागी, एकाच पद्धतीने आणायचं होतं. प्रत्येक सॉफ्टवेअरला स्वतःचं फोल्डर. जुनं ते साफ.

जुनं म्हणजे भाऊंचं. तिच्या आधी हे काम तेच बघायचे. एका रविवारी छातीत दुखतंय म्हणाले, तर साहेब म्हणाले, "आधी काम संपवा, मग जा."

भाऊ त्याच खोलीत गेले. खुर्चीतच.

सोमवारी साहेबांनी त्यांचं खातं पुसायला लावलं.

ताईने भाऊंचं फोल्डर सगळ्या सर्व्हरवरून उडवलं. मग खात्रीसाठी पहिला सर्व्हर उघडला...

फोल्डर जागेवर होतं.

फोल्डर कुणाचं, त्या रकान्यात नाव नव्हतं, नुसता आकडा. खातं पुसलं की नाव जातं, आकडा उरतो. हा भाऊंचाच.

ताईचं डोकंच फिरलं. सर्व्हरचा पासवर्ड तिच्याशिवाय एकाकडेच होता, तिच्या चष्मिश सहकाऱ्याकडे. तिने त्याला फोन लावला.

"माझी थट्टा करतोस? बंद कर हा खेळ!"

"अगं, मी सासुरवाडीत जेवायला बसलोय. कसला खेळ?"

"मग जेव!" म्हणून तिने फोन आपटला.

तिने त्या सर्व्हरची नेटवर्कची वायरच उपटली. आता बाहेरून कुणाचा हात पोचणार नव्हता. पुन्हा डिलीट केलं. पुन्हा पाहिलं...

होतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला.

टक... टक टक... टक...

कुणीतरी टाइप करत होतं.

खोलीत कीबोर्ड एकच होता. तिच्या हाताखालचा.

ताई तरातरा मागे गेली. कुणी नाही. आणि त्याच क्षणी सगळे पंखे बंद पडले. सर्व्हरचे दिवे चालू, पण घरघर गायब. त्या खोलीत शांतता तिने कधी ऐकलीच नव्हती.

"काय हवंय?" ती ओरडली. "माझा रविवार कशाला नासवताय? मी काय केलंय तुमचं?"

फोन वाजला. साहेब.

"झालं का गं?... आणि सोबत कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग खोकतंय कोण?"

ताईला काहीच ऐकू येत नव्हतं.

पलीकडे साहेबांचा श्वास अडकला. "हा... हा माझ्याशी काय बोलतोय? फोन ठेव! ठेव आधी!"

स्वतः का ठेवला नाही, कोण जाणे.

ताईने फोन कापला नाही. भाऊंच्या रिकाम्या खुर्चीत चालूच ठेवला.

"बोला भाऊ, काय बोलायचंय ते," म्हणाली, आणि दार ओढून बाहेर जिन्यावर जाऊन बसली.

बऱ्याच वेळाने ती आत आली, तेव्हा पंखे घरघरत होते. फोन बंद झाला होता. फोल्डर तसंच होतं. तिने हात लावला नाही.

सोमवारी साहेब आले. एका रात्रीत दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते. "ते फोल्डर राहू दे," एवढंच म्हणाले, आणि महिन्याभरात नोकरी सोडून गेले. फोनवर काय ऐकलं, ते कुणाला सांगितलं नाही.

ताई अजून तिथेच आहे. मी एकदा विचारलं, "भीती नाही वाटली तुला?"



"नाही वाटली, त्याचीच भीती वाटते रे आता," ती म्हणाली. "तेव्हा नुसता राग होता. इतका राग मला आयुष्यात कधी आला नाही. साहेबांनी माझा तर एक रविवारच घेतला होता... मग एवढा राग कुणाचा होता?"