दाखवायचा पलंग

त्या रात्री तिला झोप लागली नाही, ती एका उशीमुळे. उशी तिच्या डोक्याखालची नव्हे, पलीकडच्या खोलीत नव्या पलंगावर ठेवलेली. ती उशी फारच नीट होती. कडक इस्त्रीचा अभ्रा, नावाला सुरकुती नाही. जिच्यावर पाच वर्षांची लेक, ठकू, रोज लोळते, ती उशी अशी दिसेल का? उद्या येणाऱ्या बाईंना दारातूनच कळेल.

बाई म्हणजे कोर्टानं नेमलेल्या स्वतंत्र समाजकार्यकर्त्या. स्वतंत्र, म्हणजे ना तिच्या बाजूच्या, ना ठकूच्या बाबाच्या. त्यांनी दोन्ही घरं पाहायची, मुलीशी बोलायचं आणि ठकूनं कुणापाशी राहावं याबद्दल आपलं मत कोर्टाला द्यायचं. बाबाकडे मोठं घर, हाताशी आजी-आजोबा, अंगणात झोका. हिच्याकडे भाड्याच्या दोन खोल्या आणि, ताईच्या शब्दांत, "जगाच्या काळजीचं कंत्राट."

पलंगाची अक्कलही ताईचीच. "मुलीला झोपायला स्वतंत्र जागा आहे का, हे ते आधी बघतात," ताई फोनवर म्हणाली होती. "आणि तुझी ठकू अजून तुझ्या कुशीत घोरते. एक पलंग आणून टाक. झोपली नाही तरी चालेल गं, दिसला म्हणजे झालं."

जुन्या फर्निचरच्या दुकानात छोटा लाकडी पलंग मिळाला, गादीसकट. "एकाच लेकराचा आहे," दुकानदार म्हणाला. "नंतर कुणी वापरलाच नाही." त्यानं तो स्वतः जिना चढवून आणून दिला आणि पाणीही न घेता उतरून गेला. किती भला माणूस, असं तिला वाटलं. ठकू मात्र उंबरठ्यावरूनच म्हणाली, "मी नाही इथे झोपणार. मला जागा नाही."

"एवढा मोठा पलंग आणि जागा नाही?"

ठकू वळून निघूनही गेली. पाच वर्षांच्या मुलीचा हट्ट, म्हणून तिनंही ताणलं नाही.

तर आता उशी. उठावं, जाऊन ती जरा चुरगाळून यावं, असं तिच्या मनात कितीदा आलं. पण ठकूचा पाय तिच्या पोटावर होता, आणि दुसऱ्या बाजूला, जिथे पूर्वी ठकूचा बाबा झोपायचा, घडी न घातलेल्या कपड्यांचा डोंगर होता. कपड्यांना ओलांडून जाण्याचा धीर झाला नाही. खोटंसुद्धा धड करता येत नाही मला, असं म्हणत ती उजाडेपर्यंत छताकडे बघत राहिली.

सकाळी ती त्या खोलीत गेली, तर उशीच्या मधोमध खळगा होता. लहान डोक्याएवढा. पांघरूण पायाशी ढकललेलं, उकडलं की मुलं लाथाडतात तसं. खोलीत वास होता. आंबूस, कोंदट… तापानं फणफणलेल्या लेकराच्या मानेला येतो तो.

ती थबकली. मग स्वतःलाच हसली. डोळा लागला असणार आपला, आणि झोपेत येऊन आपणच हे करून गेलो. ताई म्हणतेच, तुझा काही नेम नाही. तिनं खिडकी उघडली, पांघरूण सारखं केलं. उशीला मात्र हात लावला नाही. आयतं झालंय, राहू दे.

बाई आल्या तेव्हा उन्हं उतरली होती. पिकलेले केस, मऊ तळव्यांचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी बूट काढले आणि सरळ जमिनीवर ठकूसमोर बसल्या.

"मला तुमचं घर बघायचंय. तू दाखवशील?"

ठकूनं मान हलवली.

"आई मागून येईल," बाई म्हणाल्या आणि तिच्याकडे वळल्या. "माझी एकच पद्धत आहे. घर मूल दाखवतं. आईनं मध्ये बोलायचं नाही. जमेल?"

"जमेल की," ती म्हणाली.

ठकूनं घर दाखवलं ते मन लावून. चपला, ज्या खिडकीतून मांजर दिसतं ती खिडकी, मोरीतली बादली. "हा डबा आईचा. रात्री ती एकटीच बिस्किटं खाते." बाई हसल्या. मग ठकूनं मोठा पलंग दाखवला, आणि छोट्या खोलीच्या बंद दारावरून मुकाट्यानं पुढे निघाली.

"ही राहिली ना?" बाईंनी विचारलं.

"ती माझी नाहीये."

आठवडाभर घोकून घेतलं होतं, 'माझी खोली' म्हणायचं, 'माझा पलंग' म्हणायचं. मागून येणाऱ्या आईला राहवलं नाही. "तिचीच आहे हो. लाजतेय."

बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि दार ढकललं.

खिडकी तिनं उघडी ठेवली होती. आता ती बंद होती. सकाळचा वास आत दाटून राहिला होता. पांघरूण फुगलेलं, खाली एखादी लांबट उशी ठेवावी तसं. तिनं तर तिथे काहीच ठेवलं नव्हतं.

बाईंनी वाकून पांघरुणाखाली हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

"अहो, गादी तापलीय. आत्ताच उठली का ही?" त्यांनी उलटा हात ठकूच्या कपाळाला लावला. त्यांचा चेहरा बदलला. "हिचं अंग तर गार आहे."

"दुपारी… जरा पडली होती," ती म्हणाली. दुसरं खोटं. दुपारी ठकू शाळेत होती.

"म्हणजे ताप येऊन उतरलाय? आणि तरी तुम्ही तिला शाळेत पाठवलंत? गणवेश अंगावर आहे म्हणून विचारते."

कुठलंही उत्तर दिलं तरी झोका असलेलं घर जिंकत होतं.

बाई पुन्हा ठकूकडे वळल्या. आवाज मऊच, पण आता त्यांना काहीतरी पक्कं करून घ्यायचं होतं. "बाळ, तू रोज कशी झोपतेस, मला दाखवतेस?"

ठकूनं आईकडे पाहिलं. हेही घोकलेलं होतं. बाई म्हणाल्या तर झोपून दाखवायचं, रडायचं नाही. तिचा खालचा ओठ थरथरत होता, पण पोर शहाणी. तिनं पलंगाच्या कडेवर गुडघा टेकवला. लाकूड करकरलं.

बाई ठकूचा चेहरा न्याहाळत होत्या. म्हणून त्यांना ते दिसलं नाही. आईला दिसलं. पांघरुणाची कड आतून, सावकाश उचलली गेली… लेकराला जवळ घेताना आपण उचलतो तशी. जागा करून देण्यासाठी.

"नको!"

तिनं ठकूला दंडाला धरून ओढलं, उचललं, भिंतीला पाठ लावली. मग पाणी फुटावं तसं सगळं बाहेर आलं.

"ती इथे झोपत नाही. कधीच झोपली नाही. माझ्याजवळ झोपते, अजून, रोज. हा पलंग मी तुम्हाला दाखवायला आणला. ताप नाही, दुपारी पडली नव्हती, सगळं खोटं. तुम्हाला जे लिहायचं ते लिहा, पण हिला त्यावर झोपायला सांगू नका."

पांघरूण सपाट पडलं होतं.

बाईंनी मोठा श्वास सोडला. "एवढंच होय? अहो, आईजवळ झोपणं मी आजवर कुणाच्या विरोधात लिहिलेलं नाही. माझी मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत माझ्या पाठीवर पाय टाकून झोपायची. खोटं बोललात, ते लिहीन. आपणहून खरं सांगितलंत, तेही लिहीन. आणि मुलीला कसं उचललंत ते मी पाहिलंय."

हरलो नव्हतो आपण. तिनं ठकूच्या केसांत तोंड खुपसलं. हसू आणि रडू एकदमच आलं.

बाई मात्र हसत नव्हत्या. त्या आपला हात बघत होत्या. बोटं अजून लाल होती.

"मग… ही गादी कुणामुळे तापली?"

आईच्या कडेवरून ठकू पलंगाकडे बघत होती. मान किंचित कललेली, कुणी हळू बोलत असलं की ऐकताना कलते तशी.

"ठकू," बाईंनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "कुणी काही बोलतंय का तुझ्याशी?"

"ती रडतेय. म्हणते, हा पलंग नुसता दाखवायचा आहे, तर मी कुठे झोपू?"

बाईंनी पिशवी छातीशी धरली. "मग… तू काय सांगितलंस?"

ठकूनं आईच्या गळ्यात हात टाकला आणि, समजूत काढावी तशा सुरात, म्हणाली, "मी म्हटलं, रडू नकोस. आईच्या त्या बाजूला कपडे आहेत ना, ते काढले की जागा होते."