सोमारीच्या बाटल्या

मंजुषा बोरकुटे खासगी तपास करायची. चंद्रपूरहून मूलच्या जंगलातून ती गडचिरोलीच्या त्या लहान दवाखान्यात पोचली, तेव्हा डॉ. अतुल खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. तिच्यासोबत निवृत्त हवालदार देवाजी होता.

“सोमारीचं बाळ,” डॉक्टर म्हणाले. “अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलं, नऊशे ग्रॅम. तेव्हा तपासणीत विषाणू नव्हता. दोन महिन्यांनी सापडला. रक्त कधीच चढवलेलं नाही. म्हणजे दुधातूनच.”

“आईच्या दुधातून?” देवाजीनं विचारलं.

“तो विषाणू आईच्या अंगात निपचित पडून असतो, दुधात उतरतो. दिवस भरलेल्या बाळाला सहसा त्रास होत नाही. इतक्या लहान जिवाला झेपत नाही. म्हणून आम्ही दुधाच्या बाटल्या अर्धा तास गरम पाण्यात बुडवून ठेवतो, मगच पाजतो. तापवण्याचं काम सिस्टर स्वातीकडे आहे, म्हणून दवाखान्याच्या संस्थेला तिला काढायचंय. मला खरं कळू द्या.”

मंजुषानं फ्रिज उघडला. तापवलेल्या दुधाच्या कप्प्यात प्रत्येक बाटलीवर पेनानं नावाची चिठ्ठी. शाई पसरलेली; नावं वाचताना डोळे ताणावे लागत होते. सोमारीचं नाव तिनं लगेच वाचलं.

स्वाती भिंतीला टेकून बोलली. “दूध तापवायचं यंत्र ठीक आहे. वेळ मी लिहिते. पण चौदा बाळं आणि मी एकटी. बाटल्या पाण्यात गुणाबाई ठेवते, तीच काढते.”

आया गुणाबाई फडकं पिळत होती. “सोमारीच्या घरून कोणी येत नाई, बाई. पान्हाबी आटून राह्यला होता. रडे बिचारी.”

सोमारी बाकावर बसली होती.

“आता दूध येतं?” मंजुषानं विचारलं.

“येते. गुणाबाईनं म्हटलं, काळजी नोको करू, मी पाहून घेईन. मंग आलं.”

“काही औषध दिलं तिनं?”

“नाई.”

बाहेर देवाजी म्हणाला, “स्वातीच. थकलेला माणूस चुकतो.”

“थकलेला माणूस सगळ्यांच्या बाटल्यांत चुकला असता, भाऊ.”

तिनं तिघींना डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या, एक सोमारीची, एक दुसऱ्या आईची.

“पाण्यात बुडालेल्या चिठ्ठीची शाई पसरते. सोमारीच्या एकाही बाटलीची पसरलेली नाही. म्हणजे त्या पाण्यात गेल्याच नाहीत, सरळ फ्रिजमध्ये गेल्या. स्वातीनं न बघता वेळ लिहिली. बाटल्यांना हात एकट्या गुणाबाईचा. औषध न देता दूध परत येईल असा भरवसाही तिनंच दिला. गुणाबाई, दूध तापवलं की आईचा पान्हा आटतो, असं तुम्हाला वाटलं ना?”

गुणाबाई खाली बसली. “आमच्याकडं सारेच म्हणतेत. काऊन तापवतेत, हे मले कोणी सांगतलंच नाई. मले वाटलं, तिचं दूध वाचवून राह्यली मी.” मग हळूच, “लेकरू वाचंल का?”

“औषध लागू पडतंय,” डॉक्टर म्हणाले. “हा विषाणू कानांवरही जातो; ऐकू येईल की नाही, ते पुढं कळेल.” त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. “सांगायला हवं होतं मीच.”

सोमारीनं विचारलं, “माझं दूध वाईट आहे का?”

डॉक्टर तिच्याकडे वळले. “नाही. बाळ फार लहान होतं, एवढंच. आता लागण झालीच आहे, तापवायचं कारण उरलं नाही. अंगावर पाज त्याला.”

सोमारीनं स्वातीकडे पाहिलं. स्वातीनं बाळ आणून तिच्या हातात दिलं. पदराआड ते बराच वेळ चाचपडलं, मग ओढू लागलं.