उडवलेला खांदा

मिरजेच्या मज्जासेतू प्रयोगशाळेत शैलजाबाई डॉ. फाटकांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. वर्षापूर्वी मानेतली गाठ काढताना त्यांचा मज्जातंतू तुटला आणि डाव्या खांद्याचा फरा, पाठीवरचं ते त्रिकोणी हाड, खाली घसरला होता.

"हात वर घ्या, मॅडम," फाटक म्हणाले. ते बाईंचे जुने विद्यार्थी. तीस वर्षं फिजिओथेरपी शिकवलेल्या बाईंना हात वर घ्यायला सांगताना अजूनही त्यांना ओशाळल्यासारखं होई.

हात वर जाण्याआधी खांदा टचकन उडाला. एकटा डावाच.

"आली बघ केतकी," बाई हसल्या.

तंतू तुटलेल्या जागी बसवलेला मज्जासेतू मेंदूची आज्ञा टिपायचा. पण ती स्नायूला कशी द्यायची, हे त्याला एखाद्या धडधाकट खांद्याच्या हालचालींच्या नमुन्यावरून शिकावं लागे. रक्ताच्या नात्यातला नमुना सर्वांत उत्तम. बाईंची लेक केतकी इथेच शिकत असताना आपला नमुना देऊन गेली होती. आई काही बोलली की डावा खांदा उडवणारी पोर. तो झटका नमुन्यातही उतरला, आणि त्यावर शिकलेल्या सेतूतून बाईंच्या खांद्यातही. "खांदे उडवू नकोस" म्हणून बाईंनी तिला किती रागे भरलं असेल! दोन वर्षांपूर्वी हिमालयात दरड कोसळली आणि ती गेली. बातमी तिसऱ्या दिवशी आली. ते तीन दिवस बाई तिच्यासाठी बेसनाचे लाडू वळत होत्या.

"फाटक, माझा तंतू दिवसाला मिलिमीटरभर वाढतोय. तो स्नायूपर्यंत पोचला की?"

"की सेतू आपोआप गप्प होतो. एका स्नायूला दोघांच्या आज्ञा चालत नाहीत."

"मग पोचू देऊ नकोस. मध्येच कापून टाक."

"मॅडम! सेतू पाच वर्षांत झिजतो. मग हात कायमचा जाईल."

"जाऊ दे. पाच वर्षं तरी ती माझ्याजवळ राहील."

फाटकांनी सेतूची नोंद पडद्यावर आणली. तारखा त्यांनी दोनदा तपासल्या.

"काय झालं रे?"

"सेतू एकवीस दिवसांपूर्वीच बंद पडलाय. मघाशी खांदा उडवला तो तुमच्याच तंतूने. वर्षभराच्या सवयीने त्याने तिची लकब उचलली." फाटकांचा चेहरा खुलला. "म्हणजे कापायची गरजच नाही, मॅडम! ती लकब आता जन्मभर तुमचीच."

बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं.

"एकवीस दिवस," त्या पुटपुटल्या. "रोज सकाळी केस विंचरताना मी तिच्याशी बोलत होते."

मग त्यांना हुंदका आवरेना.

"याही वेळी मला उशिराच कळलं रे, फाटक."